लिहिलेले आकडे, काढलेले आकडे

दूध संस्थेच्या सचिवाला बेरीज शिकवावी लागत नाही. सकाळ-संध्याकाळचं संकलन, प्रत्येक सभासदाचं लिटर, फॅट, एसएनएफ, दर दहा दिवसांनी निघणारं बिल आणि त्या बिलातून पशुखाद्याची व उचलीची कपात, हे ज्याने वर्षानुवर्षं रजिस्टरात ओढलंय त्याचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का असतो. अशा माणसांना, आणि हल्ली त्यांच्या खुर्चीवर येऊन बसलेल्या मुलामुलींना, मी स्प्रेडशीट शिकवते. भाग कोल्हापूर-सांगलीकडचा. वर्ग बहुतेक वेळा संस्थेच्याच माडीवर भरतो, खाली कॅन धुण्याचा खडखडाट चालू असतो. संकलनाची नोंद आता बऱ्याच ठिकाणी काट्याला जोडलेल्या यंत्रावर होते, पावतीही तिथेच छापून येते. पण यंत्राबाहेरचं काम उरतंच. दिवाळीचा दरफरक, खाद्याची बाकी, अनुदानाच्या याद्या, संचालक मंडळाच्या बैठकीत ठेवायचा तक्ता. त्यासाठी एक्सेल उघडावं लागतं.

उघडतात ते रजिस्टर समजूनच. समोर आयत्या आखलेल्या ओळी आणि रकाने दिसतात, मग दुसरं काय वाटणार? एका संस्थेतले सचिव, सगळे त्यांना अण्णा म्हणत, शीटवर फार देखणं काम करायचे. मथळा ठळक, चारी बाजूंनी दुहेरी चौकट, नावं एका रेषेत. फक्त गुणाकार ते शेजारच्या कॅल्क्युलेटरवर करत आणि आलेलं उत्तर शीटमध्ये टाइप करत. बेरीजही तशीच, दोनदा ताळा बघून. त्यांच्या तक्त्यात एकही आकडा चुकीचा नव्हता आणि त्या संगणकाने एकही आकडा काढलेला नव्हता.

म्हणून मी पहिल्या दिवशी रंग, चौकटी, ठळक अक्षरं यातलं काहीच शिकवत नाही. ते लोकांना आपोआप येतं, आणि आधी आलं की बाकीचं शिकायची गरजच वाटेनाशी होते. मी विचारते ते एवढंच: या तक्त्यातला कुठला आकडा बाहेरून आलाय आणि कुठला आतल्या आत निघतो? लिटर बाहेरून आलं, काट्यावरून. दर बाहेरून आला, दूध संघाच्या दरपत्रकातून किंवा मंडळाच्या ठरावातून. रक्कम कुठून आली? तिला स्वतःचं घर नाही, ती या दोघांतून निघते. बाहेरून आलेले आकडे माणसाने लिहायचे आणि त्या चौकोनांना पिवळा रंग द्यायचा. बाकी सगळं शीटने काढायचं, तिथे माणसाने बोट लावायचं नाही. अख्खं स्प्रेडशीट मला यापलीकडे फारसं शिकवता येत नाही, आणि येतं ते यातूनच फुटलेलं असतं.

सरावाला मी दिवाळीचा दरफरक घेते, कारण त्यात सगळ्यांचा जीव अडकलेला असतो. वर्षभरात घातलेल्या दुधावर लिटरमागे काही रक्कम सभासदाला द्यायची. समजा, एका ताईंचं वर्षाचं दूध ३४२० लिटर आणि फरक लिटरला १ रुपया ७५ पैसे. कुणीतरी चौकोनात ३४२०*१.७५ असं लिहितं आणि एंटर दाबतं. काही होत नाही, लिहिलेलं तसंच बसून राहतं. पुढे बरोबरचं चिन्ह घातलं की ५९८५ येतात. हे चिन्ह म्हणजे शीटला केलेली सूचना: पुढचं वाचू नकोस, कर. वर्गात इथे थोडा आनंद होतो, पण अजून कॅल्क्युलेटरच चालू असतो, फक्त पडद्यावर.

खरी पायरी त्याच्या पुढची. आकड्यांऐवजी आकड्यांचा पत्ता लिहायचा. उभ्या रकान्याला अक्षर, आडव्या ओळीला क्रमांक, तेव्हा सी रकान्यातली पाचवी ओळ म्हणजे सी५. ताईंचं लिटर सी५ मध्ये, दर डी५ मध्ये, मग ई५ मध्ये लिहायचं =सी५*डी५. उत्तर तेच, ५९८५. आता सी५ मधला आकडा बदलून पाहा. ई५ ला हात न लावता रक्कम बदलते. चौकोनात दिसतो आकडा, पण आत बसलेला असतो एक संबंध. आणि हा चौकोन कोपऱ्याला धरून खाली ओढला की सहाव्या ओळीत आपोआप =सी६*डी६ होतं, सातव्यात =सी७*डी७. अण्णांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला आणि मधल्याच एका सभासदाची रक्कम ताडून पाहिली. मग शेवटच्याची. मला ती कृती फार आवडली, आणि तेव्हापासून प्रत्येक वर्गात सूत्र खाली ओढल्यावर मधली एक आणि शेवटची एक ओळ मी हाताने ताडायला लावते.

आता गंमत अशी, की फरकाचा दर सगळ्यांना एकच. तो प्रत्येक ओळीत कशाला लिहायचा? वर एका चौकोनात, समजा जी१ मध्ये, एकदाच लिहू. पहिल्या ओळीत =सी५*जी१ बरोबर चालतं. खाली ओढलं की पुढच्या सगळ्या सभासदांना शून्य. कारण शीटने सवयीप्रमाणे जी१ चं जी२ केलं, मग जी३, आणि तिथे काहीच नाही. हे शून्य मी मुद्दाम येऊ देते. सुरुवातीच्या वर्गांना मी उपायच आधी सांगायचे, तर तो कुणाच्या लक्षात राहायचा नाही. शून्य पाहिलेला माणूस विसरत नाही. उपाय असा की जी१ ला खिळा ठोकायचा: $जी$१. सूत्रात तिथे उभं राहून एफ-४ दाबलं की दोन्ही चिन्हं येतात, काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. एका ताईंनी विचारलं, ‘मॅडम, हिशेब रुपयाचा, मग ह्यात डॉलर कशाला?’ पैशाशी त्याचा काही संबंध नाही, हा पत्ता हलवू नकोस एवढंच तो सांगतो, हे मी सांगितलं. तरी त्या संस्थेत ‘डॉलर मारला का?’ हा शब्द रूढ झाला तो झालाच.

डॉलर मारला की मंडळाची बैठक बसवायची. खोटी बैठक, पण लोक खरे होतात. एक जण अध्यक्ष होतो आणि म्हणतो, पावणेदोन कमी वाटतात, एक रुपया नव्वद करा. जी१ मध्ये १.९० लिहिलं, ताईंचे ५९८५ चे ६४९८ झाले, सगळ्या सभासदांच्या रकमा बदलल्या आणि तळाला एकूण बोजा किती वाढला तोही दिसला. दुसरा संचालक म्हणतो, एवढे पैसे आहेत का? मग १.८०. मग पुन्हा पावणेदोन. पूर्वी अशा एकेका सूचनेसाठी रजिस्टर घेऊन रात्र काढलेली माणसं वर्गात बसलेली असतात. त्यांना स्प्रेडशीट कशासाठी जन्माला आलं हे वेगळं सांगावं लागत नाही, पण मी सांगते, कारण गोष्ट हीच आहे. हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणारा डॅन ब्रिकलिन वर्गात प्राध्यापकांना फळ्यावर तक्ता मांडताना पाहत होता. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहायचे. त्याच्या मनात आलं, हा फळा स्वतःच आकडे बदलणारा असता तर? बॉब फ्रँक्स्टनबरोबर त्याने तसा फळा केला, १९७९ साली तो ॲपल-२ संगणकावर विकायला आला, नाव व्हिसिकॅल्क. एक्सेल नंतरचं, १९८५ चं, आणि तेही आधी मॅकिंटॉशवर. मधल्या काळात लोटस १-२-३ होतं. आज पैसे न भरता वापरायचं तर लिब्रे ऑफिसचं कॅल्क आहे, मोबाइलवर गूगल शीट्स आहे. पत्ता, बरोबरचं चिन्ह, डॉलर हे सगळीकडे तेच, त्यामुळे कुठलं शिकायचं यावर मी वेळ घालवत नाही.

काढलेल्या आकड्याबद्दल पहिली शंका येते ती नेहमी पैशांची. एक पैसा. दोन सभासद घ्या, दर ३४.६२. एकाचं दूध ६.७ लिटर, रक्कम २३१.९५. दुसऱ्याचं ४.२ लिटर, रक्कम १४५.४०. कुणीही सांगेल, बेरीज ३७७.३५. शीट दाखवतं ३७७.३६. हिशेबनीस माणसाला यापेक्षा मोठा धक्का नाही, आणि ‘मशीन चुकतंय’ हे वाक्य इथेच ऐकू येतं. मशीन चुकत नाही, ते लपवतंय. खरा गुणाकार २३१.९५४ आणि १४५.४०४ असा आहे. आपण दोनच दशांश दाखव म्हटलं म्हणून तिसरा दिसत नाही, पण बेरजेत तो आहे आणि एकूण ३७७.३५८ होतात. सभासदाला मात्र २३१ रुपये ९५ पैसेच मिळणार असतात, चार दशांश पैसा कुणी देत नाही. तेव्हा रक्कम काढतानाच ती पूर्णांकित करायची: =राउंड(सी५*डी५,२). आता जे दिसतं तेच आत आहे. मोठ्या संस्थेत हा फरक वाढत जातो आणि लेखापरीक्षणाच्या वेळी त्याला उत्तर द्यावं लागतं, म्हणून मी हे पहिल्याच आठवड्यात घेते, पुस्तकं सहसा ते बरंच मागे ठेवतात.

लिहिलेल्या आकड्यांचा त्रास वेगळ्या जातीचा. तिथे शीट आपल्या मनातलं ओळखायला जातं. बिलाचा काळ म्हणून १-१० असं लिहिलं की ते १ ऑक्टोबर करून टाकतं, आणि २१-३१ मात्र तसंच राहू देतं, कारण एकतिसावा महिना कुठे नसतो. संगणकाच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका असेल तर १-१० ची १० जानेवारी होते. एक्सेल तारीख ठेवतं ती दिवसांच्या मोजणीने, १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून, त्यामुळे १ जानेवारी २०२५ म्हणजे आतून ४५६५८. एखादी तारीख अचानक असा पाच आकडी नंबर होऊन बसली तर घाबरायचं नाही, रूप बदललंय, तारीख तीच आहे. या मनकवडेपणाने शास्त्रज्ञही हैराण झाले. मार्च-१, सेप्ट-१ अशा नावांची जनुकं तारखा होऊन बसायची. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावंच बदलली. आम्ही एवढ्या थराला गेलो नाही. आमच्याकडे बिलाच्या काळासाठी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने असतात, दोन्हींत पुरी तारीख.

२०२४ च्या सुरुवातीला राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान लागू केलं आणि गावोगावच्या संस्थांवर याद्यांचं काम कोसळलं. उत्पादकाचं आधार, बँक खातं, गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर. आधार बारा अंकी, बिल्लाही बारा अंकी. रकाना साधा ठेवून बारा अंक लिहिले की एक्सेल ते १.२३ई+११ अशा रूपात दाखवतं. रकाना रुंद करून आणि आकड्याचं रूप बदलून ते परत मिळतात. पण त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली तर दिसतं तेवढंच त्या फाइलमध्ये उतरतं आणि मागचे अंक कायमचे जातात. खातं सोळा अंकी असेल तर त्याहून वाईट: एक्सेल पंधरा अंकच सांभाळतं, सोळावा गुपचूप शून्य होतो. खात्याच्या सुरुवातीला शून्यं असतील तर तीही गळतात. त्या दिवसांत मला फोन यायचे ते सगळे याच आजाराचे.

त्यावर मी एक प्रश्न द्यायला लागले. या आकड्याची कधी बेरीज करणार आहात का? दोन आधार नंबरांची बेरीज करून कुणाला काय मिळणार? मग तो आकडा नाहीच, ते नाव आहे, अंकांत लिहिलेलं. त्याचा रकाना लिहायच्या आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा. नंतर करून उपयोग नाही, गेलेला अंक परत येत नाही. सभासद क्रमांक, मोबाइल, पिनकोड सगळं यातच. ओळखायची खूणही सोपी: काहीही छेडछाड केली नसेल तर आकडा चौकोनात उजवीकडे टेकतो, मजकूर डावीकडे. म्हणून मी सुरुवातीला कुणालाच रकाने मधोमध घेऊ देत नाही. मध्यभागी आणलं की ही फुकटची तपासणी बंद पडते. लिटरच्या रकान्यात एखादाच आकडा डावीकडे टेकलेला दिसला तर समजायचं की तो बेरजेत धरला जात नाहीये. बहुतेक वेळा ‘१२ लि.’ असं एकक सोबत लिहिलेलं असतं.

जुन्या फाइलींत आणखी एक भानगड असते, ती मराठी नावांची. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं ‘पाटील’ आतून इंग्रजी अक्षरांची माळ असते, फॉन्ट तिला मराठी रूप देतो. अकारविल्हे लावायला गेलं की नावं भलत्याच क्रमाने येतात, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळी यादी अगम्य होते. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, दुसरा जुगाड करू नका, एवढंच माझं म्हणणं असतं. गावात निम्मी आडनावं तीच असल्याने शोधायचं तर सभासद क्रमांकावरच, हे सचिवांना माझ्याआधीपासून ठाऊक असतं.

क्रम लावण्याची, म्हणजे सॉर्टची, मला मात्र भीती वाटते. कागदावर दोन भागांत मोकळी जागा दिसावी म्हणून माणूस मध्ये एक रिकामा रकाना सोडतो. डोळ्याला बरं वाटतं. शीटला मात्र रिकामा रकाना म्हणजे कुंपण वाटतं, पलीकडचं दुसऱ्याचं. लिटरप्रमाणे क्रम लावा म्हटलं की कुंपणाच्या अलीकडचं तेवढं हलतं, पलीकडची नावं जागच्या जागी राहतात आणि याचं दूध त्याच्या नावावर जातं. कुठे लाल खूण येत नाही, बेरीजही तीच राहते, कारण आकडे सगळे तेच आहेत, फक्त धनी बदललेत. ताळा जुळला की काम संपलं मानणाऱ्या माणसाला ही चूक दिसणं अवघड. तक्त्याच्या मध्ये रिकामा रकाना नको, रिकामी ओळ नको, मथळ्याखेरीज कुठे जोडलेले चौकोन नकोत. देखणेपणा लागेल तर छापायची शीट वेगळी करा.

बेरीज तळाला लिहिण्याची सवयही कागदाची. शीटमध्ये बेरजेचं सूत्र एका पट्ट्याला बांधलेलं असतं, समजा पाचव्या ओळीपासून चव्वेचाळिसाव्यापर्यंत. वर्षाच्या मध्ये नवा सभासद आला, बेरजेच्या लगेच वर ओळ घालून त्याचं नाव लिहिलं, तर ती ओळ पट्ट्यात येईलच असं नाही. सभासदाचं दूध आहे, रक्कम आहे, एकूणात तो नाही. हे खेडेगावातच होतं असं कुणी समजू नये. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये देशांची कर्जं आणि वाढ यांवर एक निबंध लिहिला, त्याचा दाखला सरकारी काटकसरीच्या बाजूने जगभर दिला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ शीट मागवून पाहिली, तर सरासरीचा पट्टा पाच ओळी आधीच थांबलेला. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क बाहेर राहिले होते. त्या निबंधावर आक्षेप इतरही होते, पण ही पाच देशांची गोष्ट सांगितली की वर्गातला प्रत्येक जण आपापला पट्टा तपासतो. मी बेरीज तक्त्याच्या वर घ्यायला सांगते, मथळ्याच्याही वर, आणि पट्टा खाली भरपूर मोकळ्या ओळींपर्यंत न्यायला. सुरुवातीला विचित्र वाटतं. महिन्याभरात कुणी परत खाली नेत नाही.

दुसऱ्याने केलेली शीट हातात आली की काय करायचं, हे कुणी शिकवत नाही, आणि नव्या सचिवाची सुरुवात तर तिथूनच होते. कंट्रोल दाबून एकच्या डावीकडची, तिरप्या टिंबाची कळ दाबली की सगळे चौकोन आपलं खरं रूप दाखवतात: आकडे जिथे लिहिलेत तिथे आकडे, काढलेत तिथे सूत्रं. रकमेचा रकाना वरून खाली वाचायचा. सूत्र, सूत्र, सूत्र, आणि मध्येच एखादा नुसता आकडा. बहुतेक वेळा तो आकडा अपघाताने आलेला नसतो. कुणाच्या फॅटवरून वाद झाला, मंडळाने तोंडी मिटवला, आणि सचिवाने सूत्रावरच आकडा लिहून टाकला. हिशेब त्या दिवशी बरोबर होता. पुढच्या वर्षी दर बदलला, सगळे बदलले, तो एकटा तसाच राहिला.

अशा आकड्यासाठी मी वेगळा रकाना घालायला सांगते, ‘समायोजन’ म्हणून. पिवळा, कारण तो बाहेरून आलाय. शेजारी कारण आणि ठरावाचा क्रमांक. रक्कम सूत्रानेच निघेल, समायोजन तिच्यात मिळवलं जाईल. अण्णांनी यावर विचारलं होतं, ‘म्हणजे कुणाला किती वाढवून दिलं ते सगळ्यांनाच दिसणार की.’ दिसणारच, लेखापरीक्षकालाही दिसणार. त्यांनी पुढच्या बैठकीत विषय ठेवला, दोन संचालकांनी हरकत घेतली, तरी रकाना आला. जवळच्याच दुसऱ्या गावात तो सपशेल नाकारला गेला, आणि तिथल्या शीटमध्ये ते नुसते आकडे अजून तसेच आहेत.